ज्यांना मत नाही, त्यांची मतं

आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवस फज्रनंतरच्या सलामाने सुरू होतो. आधी गावातून, मग मुंब्र्यातून, आणि अडीच तासांनी कुवेतमधून. कुवेतचा सलाम आला की कुणीतरी हमखास लिहितं, "उठा, शेठ उठले, आता सूर्याला हरकत नाही." शेठ तिकडे एका दुकानात हिशेब लिहितात. पंधरा वर्षांत त्यांना या थट्टेचा राग आलेला आम्ही पाहिला नाही.

गाव रायगड जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. शंभरेक घरं, त्यातली निम्मी कुलूपबंद. माणसं मुंब्रा-कौसा, मीरा रोड, बहारीन, दुबई आणि बोटींवर. पूर्वी मगरिबनंतर मस्जिदीबाहेरच्या कट्ट्यावर जे चालायचं, ते आता या ग्रुपवर चालतं. निकाहची दावत, मस्जिदीच्या पत्र्यांचा हिशेब, हापूसच्या पेटीचा भाव. आणि मय्यतीची खबर. कोण गेलं, जनाज्याची नमाज किती वाजता, दफन कुठल्या कब्रस्तानात, हे आता आधी इथेच कळतं.

2024 च्या लोकसभा निवडणुकीत हा कट्टा तापला. आमच्याकडे लढत घड्याळ आणि मशाल यांच्यात होती. दोन्हींकडे बघताना आपल्या माणसाला अवघड वाटत होतं. घड्याळवाल्यांना आमच्या गावाने वर्षानुवर्षं मत दिलेलं, रस्ता आणि जेटी त्यांच्याच काळातली. पण 2023 मध्ये पक्ष फुटला आणि घड्याळ भाजपच्या बाजूला जाऊन बसलं. मशालवाले विरोधात उभे. पण ज्यांनी डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 ची मुंबई पाहिली, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाची वाट पाहिली, त्यांचं बोट त्या बटणावर सहज कसं जावं?

ही चर्चा सुरुवातीला फार छान चालली. आमचे दुकानदार बंधू, गावातच राहणारे, घड्याळाच्या बाजूचे. त्यांचा चुलतभाऊ कौशाला, तो मशालीच्या बाजूचा. गंमत म्हणजे 1993 मध्ये दहा वर्षांचा असताना मुंबईच्या घरातून रातोरात निघालेला तोच. तो म्हणायचा, "आग कुणी लावली ते आठवतं, म्हणूनच आज पाणी कुणाच्या हातात आहे ते बघतो." दुकानदार म्हणायचे, "मशालवाल्याकडे पाणी मागतोस, धन्य आहेस." त्यावर उत्तर यायचं, "तुमचं घड्याळ चालतं, पण वेळ दुसऱ्याची दाखवतं." बोटीवरचे मामू चार दिवसांनी रेंजमध्ये आले की सगळं एकदम वाचून विचारायचे, "कोण जिंकलं?"

सगळ्यात जास्त बोलायचे दुबईवाले चाचा. तिकडे व्हॉट्सॲपवरून फोन लागत नाही, त्यामुळे चाचा सात-सात मिनिटांचे आवाजी संदेश पाठवतात. परदेशात राहणारा भारतीय नागरिक मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं. तिकिटाचा खर्च करून कोण येणार? म्हणून ग्रुपवर म्हण पडली होती, ज्यांना मत नाही त्यांचीच मतं जास्त. चाचांनी ती हसत मान्य केली आणि त्यावरही सात मिनिटं बोलले.

बिघडलं ते फॉरवर्डमुळे. एप्रिलअखेरीस दोन बाणांची खूण असलेले संदेश येऊ लागले. ही खूण म्हणजे तो संदेश हातोहात पाच वेळा किंवा त्याहून जास्त पुढे गेलेला आहे. असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, तरी तो आमच्या खाडीपर्यंत पोहोचलाच. एका रात्री कौशाच्या भावाने टाकलेल्या फॉरवर्डमध्ये घड्याळाला मत देणाऱ्यांना कौमचे गद्दार म्हटलं होतं. शेवटपर्यंत वाचलाच नव्हता, असं तो नंतर म्हणाला. आम्हाला ते खरं वाटतं. तो स्वतः लिहायला बसला असता तर त्याने घड्याळावर काहीतरी चावट लिहिलं असतं, भावाला गद्दार लिहिलं नसतं. थट्टा करताना समोरच्याचा चेहरा आठवावा लागतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने आमच्या दुकानदारांचा चेहरा कधी पाहिलेलाच नव्हता.

दुकानदारांनी उलट तसाच एक फॉरवर्ड टाकला आणि साडेबाराला ग्रुप सोडला. ॲडमिनने घाबरून ग्रुप बंद केला. फक्त ॲडमिननेच लिहायचं. पोलिसांची नोटीस आली तर, ही त्याची धास्ती. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं आहे. आम्ही ते त्याला सांगितलं. "काका, निकाल मला माहीत आहे, चौकीवरच्या साहेबाला माहीत आहे का?" असं तो म्हणाला. आजच्या दिवसांत त्याला भित्रा म्हणायची आमची हिंमत झाली नाही.

आमच्याकडे मतदान 7 मे रोजी झालं. त्यानंतर चार दिवसांनी कौशात आमच्या गावच्या एक खाला वारल्या. दुकानदारांची आई लवकर गेली, तेव्हा शेजारच्या या खालांनीच त्यांना जेवूखाऊ घातलं होतं. सकाळी नऊला ग्रुपवर खबर आली. जनाजा असरनंतर. प्रत्येकाला वाटलं त्यांना कळलंच असेल, आणि फोन कुणीच केला नाही. त्यांना कळलं ते ईशाला, मस्जिदीत, बाजूच्या माणसाने सहज विचारलं तेव्हा, "तुम्ही गेला नाहीत?" वेळेत निघाले असते तर पोहोचले असते.

त्या रात्री ते कुणाला काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं.

आम्ही कोकणी माणसं शाफई मसलकाची. ज्या इमामांच्या मागे आपण चालतो, त्या इमाम शाफई (रह.) यांची एक आठवण त्यांचे शागीर्द यूनुस सदफी यांनी सांगितली आहे. दोघांची एका मसल्यावर खूप चर्चा झाली, जमलं नाही, दोघे आपापल्या वाटेने गेले. पुढे भेट झाली तेव्हा इमामांनीच त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं की एका गोष्टीवर एकमत झालं नाही म्हणून आपण भाऊ राहू शकत नाही का? सूरह हुजुरातमध्ये खबर आली की आधी तपासा, असं सांगितलं आहे, आणि त्याच सूरहमध्ये एकमेकांना टोचणारी नावं ठेवू नका असंही. थट्टेला मनाई नाही. सवारीसाठी जनावर मागणाऱ्याला प्रेषितांनी (स.) उंटिणीचं पिल्लू देतो म्हटलं, तो गोंधळला, तेव्हा प्रत्येक उंट उंटिणीचंच पिल्लू असतो, हे हसत लक्षात आणून दिलं. त्या थट्टेत खोटं नव्हतं आणि कुणाचा अपमानही नव्हता.

बकरी ईदला कौशाचा भाऊ गावी आला. ईदच्या नमाजनंतर गळाभेट घेताना दुकानदारांनी एवढंच म्हटलं, "मला माती द्यायला मिळाली नाही." याने माफी मागायला तोंड उघडलं, पण त्याला बोलताच आलं नाही. मग दोघे मिळून कब्रस्तानात आईवडिलांच्या कबरींवर गेले.

ग्रुप पुन्हा उघडला तेव्हा एकच नियम ठरला. राजकारणावर हवं ते लिहा, पण स्वतःच्या शब्दांत. काही मंडळी त्या दिवसापासून गप्पच आहेत. त्यांच्याकडे स्वतःचं काही नव्हतं, हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं. मय्यतीच्या खबरीसाठी वेगळा ग्रुप झाला, आणि तरीही जवळच्यांना फोन करायची जबाबदारी चार मुलांनी वाटून घेतली.

नोव्हेंबरात विधानसभा आली. बायकांच्या ग्रुपवर लाडकी बहीण योजनेच्या 1500 रुपयांवरून जुंपली होती. आमच्या आपांनी तिथे लिहिलं, "ओवाळणी घेऊन ठेवू, भाऊ कोण ते नंतर ठरवू." आमच्याकडे चाचांचे सात मिनिटांचे संदेश पुन्हा सुरू झाले. दुकानदारांनी मतदार यादी आणून दुकानात लावली. ज्यांचं नाव नव्हतं त्यांचे अर्ज त्यांनी वेळेत भरून घेतले होते. कौशाहून संदेश आला, "भाईजान, घड्याळ वेळेवर दिसतंय."

"हो," त्यांनी लिहिलं, "चावी द्यायला तू ये."