थांब्यावरचा धूर आणि झटपट चार्ज होणारी बस

गेली काही वर्षे एक रुग्ण नेमाने माझ्या ओपीडीत येतो. वय साठीच्या पुढे. विडी-सिगारेटला आयुष्यात हात लावलेला नाही. शहरातल्या एका गजबजलेल्या बसथांब्याजवळ त्याचा शेंगदाणे-फुटाण्यांचा गाडा आहे. जिना चढताना दम लागतो म्हणून तो पहिल्यांदा आला, तेव्हा स्पायरोमेट्री केली. त्याच्या श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या होत्या. सीओपीडी. इनहेलर सुरू केला आणि सांगितले, "गाडा रस्त्यापासून जरा लांब घ्या." तो म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक बसला थांबतंय. मी लांब जाऊन शेंगदाणे कुणाला इकू?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. औषध लिहून देऊन मी त्याला दर महिन्याला त्याच धुरात परत पाठवत आलो आहे. म्हणूनच शहरातली बस कशावर चालते, हा विषय मला डॉक्टरकीच्या बाहेरचा वाटत नाही.

डिझेलच्या धुरात नेमके काय असते? काजळीचे अतिसूक्ष्म कण आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे त्यातले मुख्य घटक. यातले बहुतेक कण इतके बारीक असतात की नाकातले केस, घशातला चिकटा यांना चुकवून ते थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि काही रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला पहिल्या गटात, म्हणजे माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांत टाकले.

पुण्यातले श्वसनविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांनी युरोपात असताना सहकाऱ्यांसह केलेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. १५ धडधाकट स्वयंसेवकांना त्यात एक तास डिझेलचा विरळ केलेला धूर दिला होता. सहा तासांनी दुर्बिणीतून तपासल्यावर त्यांच्या श्वासनलिकांमध्ये सूज आणणाऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, पण फुंकण्याची चाचणी मात्र अगदी नॉर्मल आली. त्रास जाणवत नाही म्हणजे इजा होत नाही, असे नव्हे.

दुसरा अभ्यास २००७ सालचा, लंडनमधला. दम्याचे ६० रुग्ण एका दिवशी दोन तास ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून चालले आणि वेगळ्या एका दिवशी तितकाच वेळ हाइड पार्कमधून. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर तेव्हा फक्त डिझेलच्या बस आणि टॅक्सी धावत. त्या दिवशी रुग्णांची फुप्फुसाची क्षमता बागेतल्या दिवसापेक्षा स्पष्टपणे जास्त घटली.

आता आपल्या दाभोळकर कॉर्नरला किंवा बिंदू चौकात संध्याकाळी सहा वाजता उभे राहून पाहा. बस थांबते, निघते, वीस पावलांवर पुन्हा थांबते. उभी जड गाडी हलवताना डिझेल इंजिनवर सर्वाधिक ताण येतो आणि नेमका तेव्हाच काळा धूर सुटतो, तोही थांब्यावरच्या माणसांच्या तोंडावर. शिवाय ब्रेक लावला की कमावलेला सगळा वेग उष्णता होऊन वाया जातो.

हायब्रीड बस हीच उधळपट्टी वाचवते. तिच्यात डिझेल इंजिनाबरोबर विजेची मोटर आणि बॅटरी असते. ब्रेक लावताना मोटर उलटे काम करून वीज तयार करते, ती बॅटरीत साठते आणि पुढच्या वेळी निघताना कामी येते. अशा २५ हायब्रीड बस मार्च २०१८ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलासाठी एमएमआरडीएने आणल्या. पण त्यांची मूळ ऊर्जा डिझेलचीच.

युरोपने पुढचे पाऊल टाकले. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात जून २०१५ मध्ये ५५ क्रमांकाच्या मार्गावर पूर्ण विजेच्या आणि चार्ज होणाऱ्या हायब्रीड अशा दोन्ही बस सुरू झाल्या. शेवटच्या थांब्यावर पोहोचल्यावर काही मिनिटांत त्या चार्ज होत. तिथला एक थांबा तर चक्क इमारतीच्या आत होता. धूर नाही, आवाज नाही, मग बस घरात घ्यायला हरकत कसली? जिनिव्हात २३ क्रमांकाच्या मार्गावर वाटेतल्या ठरावीक थांब्यांवर ६०० किलोवॉटचा चार्जर प्रवासी चढ-उतार करेपर्यंत, सुमारे २० सेकंदांत बसला पुढच्या टप्प्यापुरती वीज देतो.

मी मधुमेहींना सांगतो, एकदाच ताट भरून जेवू नका, थोडे थोडे पण वेळच्या वेळी खा. या बसचेही तसेच आहे. रात्री डेपोत एकदाच चार्ज होणाऱ्या बसला दिवसभराची शिदोरी म्हणून मोठी, जड बॅटरी वाहावी लागते. वाटेत चार्ज होणाऱ्या बसला लहान बॅटरी पुरते. हिशेब सोपा आहे. शहरी बसला किलोमीटरमागे साधारण एक ते सव्वा युनिट वीज लागते. जाऊन-येऊन २० किलोमीटरची फेरी धरली तर २० ते २५ युनिट. २४० किलोवॉटचा चार्जर सहा मिनिटांत २४ युनिट देतो. चालक-वाहकाचा चहा होईपर्यंत पुढच्या फेरीची सोय!

अर्थात प्रत्येक औषधाला दुष्परिणाम असतात. झटपट चार्जिंगने बॅटरी तापते, म्हणून ते झेपणारी बॅटरी आणि ती थंड ठेवणारी यंत्रणा लागते. एकाच ठिकाणी एवढा विजेचा भार म्हणजे वेगळे रोहित्र, वेगळी वाहिनी. टायर आणि रस्त्याच्या घर्षणाची धूळ विजेच्या बसनेही उडतेच. आणि ही वीज आजही मोठ्या प्रमाणात कोळशातून येते, म्हणजे धुराचा काही भाग चंद्रपूर, कोराडीकडे सरकतो. तिथल्या फुप्फुसांचाही विचार करायला हवा. तरीही उंच चिमणीतून लांब सुटणारा धूर आणि तोंडापासून चार फुटांवर सुटणारा धूर यांत माझ्या गाडेवाल्या रुग्णासाठी मोठाच फरक आहे.

महाराष्ट्राला विजेची बस आता नवी नाही. पुण्यात फेब्रुवारी २०१९ पासून ती धावते. १ जून २०२२ रोजी एसटीची 'शिवाई' पुणे-अहमदनगर मार्गावर निघाली, जिथे १९४८ मध्ये पहिली एसटी धावली होती. केंद्राच्या २०२३ च्या 'पीएम ई-बस सेवा' योजनेत १६९ शहरांसाठी १० हजार बसची तरतूद आहे आणि त्यात आपले कोल्हापूरही आहे. हवेची गुणवत्ता निकषात न बसणाऱ्या शहरांच्या राष्ट्रीय यादीतही आपले नाव आहे, हे विसरून चालणार नाही.

कोल्हापूरकर म्हणून माझे तीन आग्रह आहेत. पहिला, चार्जिंगची यंत्रणा पूररेषेच्या वर हवी. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले आहेत, आणि पुरातच रुग्णालयापर्यंत पोहोचायला बस सर्वाधिक लागते. दुसरा, पहिल्या बस गर्दीच्या, सर्वाधिक थांबे असलेल्या मार्गांवर सोडाव्यात. फायदा तिथेच जास्त. तिसरा, बस इतक्या नियमित हव्यात की माणूस दुचाकी घरी ठेवेल. दर पाऊण तासाने येणारी विजेची बस शहराची हवा सुधारणार नाही. आणखी एक, बिनआवाजाची बस अंध आणि वृद्धांना कळत नाही, तेव्हा कमी वेगात तिने आवाज करायलाच हवा.

तोवर दमा, सीओपीडी आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी काय करावे? थांब्यावर बसच्या मागच्या बाजूला उभे राहू नये. बरे वाटले म्हणून इनहेलर परस्पर बंद करू नये. गर्दीच्या वेळी बाहेर पडावेच लागले तर एन-९५ मास्क नीट बसवून वापरावा. रुमालाने हे कण अडत नाहीत. आणि सिग्नलला आपल्या गाडीचे इंजिन बंद करावे, शेजारच्या श्वासासाठी.

मागच्या महिन्यात तो रुग्ण पुन्हा आला. औषधे घेतली आणि जाताना विचारले, "साहेब, त्या बिनधुराच्या बस कधी येणार म्हणं?" मी म्हटले, "येतील." त्याने मान डोलावली, इनहेलर खिशात ठेवला आणि गाड्याकडे गेला. संध्याकाळच्या गर्दीची वेळ झाली होती.