चुकांची वही

माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंकडे दोन वह्या असतात. एक पाठ टाचणाची. केंद्रप्रमुख आले की ती पुढे करायची. दुसरी दोनशेपानी, कोपरे दुमडलेली, ती कुणी मागत नाही. तिच्यात मुलांच्या चुका लिहिलेल्या आहेत. चूक कुणाची हे नाही. नुसती चूक, आणि शेजारी ती कुठून आली असेल याचा बाईंचा अंदाज. बाईंची परवानगी घेऊन मी त्यांच्या वर्गात मागे बसत होतो. शिकवणं पाहायला गेलो होतो खरा, पण बाई बोलतात त्याहून जास्त ऐकतात, हे लवकरच लक्षात आलं.

वर्गात एक खेळ चालला होता. एका मुलाने उभं राहून हुकूम सोडायचा, बाकीच्यांनी तो पाळायचा. मुलगा ठणकावून म्हणाला, ‘शिट डाऊन!’ सगळा वर्ग निमूट खाली बसला. दचकलो मी एकटाच. थोड्या वेळाने दुसऱ्या मुलीने फळ्यावरचा ‘शॉप’ हा शब्द ‘सॉप’ असा वाचला. बाईंनी दोघांनाही टोकलं नाही. तास संपल्यावर त्यांनी वहीचं एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. तिथे लिहिलं होतं : ‘सि चा शि. शॉ चा सॉ. दोन्ही एकच चूक.’

दोन्ही एकच कशा? एकाने स चा श केला, दुसरीने श चा स. वरवर पाहता मुलं सगळंच उलटं करतात असं वाटेल. पण या भागातली बोलती मराठी कान देऊन ऐका. सिनेमा इथे ‘शिनेमा’ होतो, सिमेंट ‘शिमिट’ होतं. पुढे इ किंवा ई आली की जीभ टाळूकडे ओढली जाते आणि स चा श होतो. उलट शाळेची ‘साळा’ होते, शहराचं ‘सहर’ होतं; आ, अ, ओ यांच्या संगतीत तोच आवाज दातांकडे सरकतो. म्हणजे बोलीत हे दोन वेगळे आवाज नसून एकाच आवाजाची दोन रूपं आहेत, आणि कुठलं रूप यायचं ते पुढचा स्वर ठरवतो. भाषाविज्ञानात याला पूरक वितरण म्हणतात. मुलाने इंग्रजी शब्दाला आपल्या बोलीचा नियम लावला, आणि अगदी चोख लावला. याला निष्काळजीपणा कसं म्हणायचं?

गंमत अशी की हीच मुलं मराठीचं पुस्तक मोठ्याने वाचताना ‘शाळा’ स्वच्छ म्हणतात. वाचताना जमतं, बोलताना निसटतं. म्हणजे आवाज जिभेला परका नाही. बाईंची सगळी मदार यावर आहे.

बाई आधी कानाकडे जातात. हजेरीपट तोंडासमोर धरतात, म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि शब्द म्हणतात : सी, शी, सिप, शिप, सॉर्ट, शॉर्ट. स ऐकू आला तर उजवा हात वर, श आला तर डावा. पहिल्या फेरीत निम्म्या वर्गाचे हात शेजाऱ्याकडे बघून वर जातात, म्हणून पुढच्या फेरीला डोळे मिटायचे. हात बिनचूक वर जायला लागेपर्यंत कुणाला तोंड उघडायला लावायचं नाही, हा त्यांचा दंडक. त्यानंतर जिभेचा नंबर. ‘सिट’ एका दमात म्हणायचं नाही. आधी नुसता ‘स्स्स्स्’ लांबवर धरून ठेवायचा, आणि तो चालू असतानाच हळूच ‘इट’ जोडायचं. स आणि इ यांच्यात असं अंतर पडलं की बोलीच्या नियमाला पकडायला काही उरत नाही. मग ते अंतर कमी कमी करत आणायचं. मागच्या बाकावर बसून मीही करून पाहिलं. शेजारच्या मुलाला माझा ‘स्स्स्’ पुरेसा लांब वाटला नाही.

हे सगळं बाई प्रत्येक चुकीसाठी करत नाहीत. ‘थिंक’, ‘थ्री’मधला आवाज मराठीत नाही, आपण तिथे आपला थ वापरतो, ‘दिस’, ‘दॅट’मध्ये द वापरतो. बाई ते सोडून देतात. ‘त्याने कुणाचं काही अडत नाही,’ असा त्यांचा निकाल. व आणि व्ह च्या बाबतीत मराठीने काम आधीच सोपं करून ठेवलं आहे. आपण व्हॅन, व्हिडिओ, व्हॉलिबॉल असं लिहितो, पण वॉटर, वॉशिंग्टन, वॉर्ड असंही लिहितो. इंग्रजीतली दोन वेगळी अक्षरं मराठी लेखनाने वेगळी राखली, हिंदीने दोन्हीकडे व चालवला. बाई मुलांना सांगतात, जिथे मराठीत व्ह लिहाल तिथे वरचे दात खालच्या ओठावर ठेवा, जिथे व लिहाल तिथे ओठांचा चंबू करा. पाच मिनिटांत विषय संपतो.

जास्त वेळ जातो तो आघातावर. मराठीत शब्दाच्या कुठल्या भागावर जोर दिला यावरून सहसा अर्थ बदलत नाही, त्यामुळे तिकडे आपलं लक्षच नसतं. इंग्रजीत ‘टुमॉरो’, ‘बनाना’, ‘सप्टेंबर’ या शब्दांचा जोर मधल्या भागावर असतो आणि बाकीचे भाग दबकत येतात. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतले आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी इतरांना कितपत कळते याचा अभ्यास केला होता. तो 1969 साली प्रसिद्ध झाला. भारतीय माणसाचं इंग्रजी ऐकणाऱ्याला कळत नाही तेव्हा चुकीच्या जागी पडलेला आघात हे त्याचं एक मोठं कारण असतं, हे त्यातून पुढे आलं. बाईंनी बन्सलांचं नाव ऐकलेलं नाही. पण वर्गात टाळ्या असतात : दोन हलक्या, एक मोठी, जोर असेल तिथे मोठी. ‘बनाना’ला टाळी चुकवणारी मुलगी बाकीच्या वर्गाकडून आपोआप दुरुस्त होते.

इंग्रजी शिकवण्यात मराठीचं काम काय, हा प्रश्न भाषावैज्ञानिकांनी फार पूर्वी हाताळला आहे. 1957 साली रॉबर्ट लाडो यांचं ‘लिंग्विस्टिक्स अक्रॉस कल्चर्स’ हे पुस्तक अमेरिकेत निघालं. शिकणाऱ्याची भाषा आणि शिकायची भाषा शेजारी ठेवा, जिथे त्या वेगळ्या पडतात तिथे अडचण येणार, असा त्यांचा विचार. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ‘वर्ड’ या नियतकालिकात अशोक रा. केळकरांचा एक निबंध छापून आला. विषय होता मराठी माणसाचं इंग्रजी, परभाषेतला त्याचा हेल. केळकर तेव्हा कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्याच ध्वनी आणि रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहीत होते. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी मोठं काम केलं आणि मराठी वाचकाने त्यांना समीक्षक म्हणून ओळखलं. मराठी माणसाच्या इंग्रजी उच्चारांकडे हसण्याचा विषय म्हणून न पाहता, नियम असलेली वस्तू म्हणून पाहणारा अभ्यास साठहून अधिक वर्षांपूर्वीच एका मराठी माणसाने केला, हे इंग्रजीच्या किती शिक्षकांना ठाऊक असेल? मला शंका आहे.

लाडोंचं म्हणणं पुढे तोकडं पडलं. सगळ्या चुका मातृभाषेतून येत नाहीत. बाईंच्या वहीत ‘गोड’ असं एक नोंदलेलं आहे. वाचताना मी क्षणभर चाचरलो, मग कळलं की ‘गो’ला ‘एड’ लावून भूतकाळ केला आहे. इंग्रजांची लहान मुलंही हेच म्हणतात. हा इंग्रजीचाच नियम, फक्त नको तिथे लावलेला. एडिंबरोच्या पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये हेच मांडलं : शिकणाऱ्याची चूक म्हणजे त्याच्या डोक्यात या घडीला कुठला नियम चालू आहे याचा पुरावा. घाईत जीभ घसरणं वेगळं, आणि मनात ठाम असलेला चुकीचा नियम वेगळा. 1972 मध्ये लॅरी सेलिंकर यांनी शिकणाऱ्याच्या या अधल्यामधल्या भाषेला ‘इंटरलँग्वेज’ असं नाव दिलं आणि ती कशाकशातून घडते ते सांगितलं. त्यात मातृभाषा होतीच, पण आणखी एक गोष्ट होती, जी शिक्षकाला टोचणारी आहे : खुद्द शिकवण्याची रीत.

बाईंच्या वहीत या जातीच्या चुकांना स्वतंत्र पानं आहेत, वर लिहिलंय ‘आमच्या’. आमच्या म्हणजे शिक्षकांच्या. नमुना म्हणून ‘आय ॲम गो टू स्कूल’ घ्या. हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत ऐकू येईल. पहिलीपासून मूल ‘आय ॲम अ बॉय’, ‘आय ॲम इन स्टँडर्ड वन’ असंच म्हणत आलेलं असतं. ‘आय’ एकटा त्याला भेटतच नाही. त्याच्या लेखी ‘आयॅम’ हा एकच शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘मी’. मग ‘मी शाळेत जातो’ला ते ‘आयॅम गो’ म्हणणार नाही तर काय म्हणेल? बाईंचा उपाय सरळ आहे. त्या खालच्या वर्गात गेल्या की पहिल्याच आठवड्यात ‘आय लाइक’, ‘आय वाँट’, ‘आय हॅव’ ही वाक्यंही बरोबरीने आणतात, म्हणजे ‘आय’ सुटा पडतो. ‘आय हॅव’ आणखी एका कारणासाठी लवकर हवा. ‘मला दोन भाऊ आहेत’ या मराठी वाक्यातून मुलं ‘मी टू ब्रदर्स आर’पर्यंत जातात. तिथे मात्र दोष मराठीच्या रचनेकडे जातो, आणि बाई तो मराठीत, दोन वाक्यं फळ्यावर शेजारी लिहून समजावतात. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही हा आग्रह त्यांना मान्य नाही. मलाही नाही.

एका दिवशी फळ्यावर दहिवडी स्टँडचं वेळापत्रक होतं : सातारा, फलटण, म्हसवड, पंढरपूर, सुटायच्या वेळा, पोचायच्या वेळा. बाईंना दहाच्या आत साताऱ्याला पोचायचं आहे, कुठली गाडी धरू? प्रश्न इंग्रजीत, उत्तर इंग्रजीत, जसं येईल तसं. सुरुवातीला एकेक शब्द आला. मग एका मुलीने गाडी सुचवली आणि मागून एक मुलगा उसळून म्हणाला, ‘नो बाई! दॅट बस अवर फाटा नो स्टॉप!’ जलद गाडी फाट्यावर थांबत नाही, हे त्याला ठाऊक होतं, फळ्याला नव्हतं. पुढची दहा मिनिटं वर्गात भांडण चाललं, सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत. बाईंनी एकही वाक्य दुरुस्त केलं नाही. त्या ‘डज इट? व्हेअर डज इट स्टॉप?’ असं विचारत राहिल्या आणि मधूनमधून वहीत खरडत राहिल्या. तिसऱ्यांदा बोलताना त्या मुलाचं वाक्य ‘इट नॉट स्टॉप’ झालं होतं. ‘डज’ अजून नाही. पण ‘नो’चा ‘नॉट’ झाला आणि तो योग्य जागी गेला, तेही कुणी न सांगता.

ही युक्ती नवी नाही. एन. एस. प्रभूंनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर आणि मद्रासच्या साध्या शाळांत असाच प्रयोग केला होता. त्यात व्याकरणाचे धडे नव्हते. नकाशे होते, वेळापत्रकं होती, कोडी होती. मुलाचं लक्ष अर्थावर खिळलं की रूप मागोमाग येतं, असा प्रभूंचा विश्वास. तो बंगळूर प्रयोग जगभर गाजला. त्यांचा 1990 चा ‘सर्वोत्तम पद्धत नसते, ती का’ अशा आशयाचा लेखही अजून वाचला जातो. आपण जे करतो ते कसं लागू पडतं याची शिक्षकाची स्वतःची जाण जिवंत असणं हे पद्धतीच्या नावापेक्षा मोलाचं, असं त्यात त्यांनी म्हटलं. आपल्याकडे मात्र पद्धती लाटेसारख्या येतात. भाषांतर पाठमाला झाल्या, ‘धिस इज अ पेन’वाली रचनापद्धती झाली, मग संवादाची, आता फोनिक्सची. प्रत्येक लाटेचं प्रशिक्षण होतं, घडीपुस्तिका वाटल्या जातात. मुलं काय चुकतात आणि का चुकतात, याचं प्रशिक्षण मी तरी कुठे पाहिलेलं नाही.

महाराष्ट्राने 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आणली. त्याआधी ती पाचवीला सुरू व्हायची. चार वर्षं वाढली, पण शिक्षकाला स्वतःच्या विद्यार्थ्यांची मराठी शास्त्रीय कानाने कशी ऐकायची हे शिकवायची सोय त्याबरोबर वाढली नाही. डी.एल.एड.च्या अभ्यासक्रमात मराठी आणि तिच्या बोलींच्या ध्वनिव्यवस्थेचे दहा तास घाला. केळकरांचा तो निबंध सोप्या मराठीत करून छात्राध्यापकांच्या हातात द्या. आणि केंद्रप्रमुखांनो, शाळेत गेलात तर टाचणाच्या वहीबरोबर ही दुसरी वहीही मागा.