किण्वजन्य रोग आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा

चिपळूण तालुक्यातील अलोरे हे गाव कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या वसाहतीमुळे परिचित आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पावसाळी मुलखात जुन्या जांभळाच्या खोडाला पडलेली ढोली हे नित्याचे दृश्य होय. अशा ढोलीतील कुजके लाकूड ज्या सूक्ष्मजीवांचे वसतिस्थान होऊ शकते, त्यांत मानवाला घातक ठरणारे एक किण्वही आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छातीविकार संस्थेतील एच. एस. रंधावा व त्यांचे सहकारी यांनी २००१ पासून प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जांभूळ व इतर वृक्षांच्या ढोल्यांतून क्रिप्टोकॉकस हे किण्व मिळविले. पारव्यांच्या विष्ठेतही ते वाढते. अशा ठिकाणांहून उडालेले सूक्ष्म कण श्वासाबरोबर असंख्य माणसांच्या फुप्फुसांत जातात. आजारी पडतात ती मात्र फारच थोडी. असे का घडते, हा किण्वजन्य रोगांच्या अभ्यासातील मूळ प्रश्न होय.

या प्रश्नाचा इतिहासही एका किण्वापासूनच सुरू होतो. एली मेचनिकॉफ यांनी १८८४ मध्ये डॅफ्निया या गोड्या पाण्यातील चिमुकल्या प्राण्याला जडणाऱ्या किण्वरोगाचे वर्णन केले. सुईसारखे बीजाणू त्या प्राण्याच्या आतड्यातून शरीरात शिरत आणि तेथील भ्रमणशील कोशिका त्यांना वेढून नष्ट करीत. या कोशिका अपुऱ्या पडल्या की किण्वाची वाढ होऊन प्राणी मरे. भक्षककोशिकांच्या सिद्धान्ताला येथे भक्कम आधार मिळाला. रोग हा केवळ जंतूचा पराक्रम नसून जंतू आणि आश्रयदाता यांच्यातील संबंधाचा परिणाम आहे, हा विचारही त्यातूनच पुढे आला.

क्रिप्टोकॉकसच्या बाबतीत हा संबंध विशेष गुंतागुंतीचा असतो. या किण्वाभोवती शर्करायुक्त जाड आवरण असते. त्यामुळे भक्षककोशिकांना ते सहज गिळता येत नाही. त्याच्या भित्तीतील कृष्णरंजक द्रव्य भक्षककोशिकेच्या रासायनिक माऱ्यापासून त्याचे रक्षण करते. शिवाय ३७ अंश सेल्सिअस तापमानात ते वाढू शकते. फुप्फुसातील महाभक्षककोशिकेने त्यास गिळले, तरी ते तिच्या पोटात जिवंत राहून तेथेच मुकुलनाने वाढू शकते. गिळलेले किण्व भक्षककोशिकेला न मारता तिच्यातून बाहेर पडू शकते, असे २००६ मध्ये दिसून आले. साहाय्यक टी-लसिकाकोशिकांकडून इंटरफेरॉनचा संदेश मिळाला, तरच महाभक्षककोशिका पुरेशी समर्थ होते. तोपर्यंत तिचे रक्षण आणि किण्वाला मिळणारा आसरा यांत फारसे अंतर उरत नाही. निरोगी माणसात किण्व छोट्या गाठींत कोंडले जाते आणि वर्षानुवर्षे सुप्त राहू शकते. टी-कोशिका घटल्या की हा वेढा ढिला पडतो. मग किण्व रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचते व मस्तिष्कावरणशोथ उद्भवतो.

कँडिडा आल्बिकन्स या किण्वाची स्थिती निराळी आहे. ते अनेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात व स्त्रियांच्या योनिमार्गात निरुपद्रवीपणे राहते. गोल कोशिकेच्या रूपात असेपर्यंत श्लेष्मल त्वचा त्याची फारशी दखल घेत नाही. अनुकूल परिस्थितीत मात्र त्याला लांब तंतू फुटतात आणि ते कँडिडालायसिन हे विष सोडतात. अवघ्या ३१ अमिनो अम्लांच्या या विषाचे वर्णन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याने श्लेष्मल कोशिकांच्या पटलास इजा होते. परंतु त्या इजेमुळेच त्या कोशिका सावध होऊन श्वेतकोशिकांना पाचारण करतात. या संरक्षणात इंटरल्यूकिन-१७ या संदेशवाहकाचे कार्य महत्त्वाचे असते. ज्यांच्यात ते जन्मतःच उणे असते, त्यांना तोंड, त्वचा व नखे यांचा चिवट कँडिडारोग होतो, हे २०११ मध्ये दाखविण्यात आले.

यावरून एक उद्बोधक भेद स्पष्ट होतो. एचआयव्हीच्या संसर्गाने टी-कोशिका घटलेल्या रुग्णाच्या तोंडात कँडिडाचे पांढरे थर जमतात. पण त्याच्या रक्तात हे किण्व सहसा शिरत नाही, कारण न्यूट्रोफिल या श्वेतकोशिका तेथे पहारा देत असतात. उलट कर्करोगावरील औषधांनी न्यूट्रोफिल नष्ट झालेल्या रुग्णात, विशेषतः शिरेत नळी असताना अथवा आतड्याला इजा झाली असताना, कँडिडा रक्तात शिरून मूत्रपिंड व यकृत गाठते. तेव्हा ‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. तिचे कोणते अंग दुबळे झाले, हे पाहिले पाहिजे.

प्रतिकाराचा अतिरेकही रोगकारक ठरतो. योनिमार्गाच्या कँडिडारोगात न्यूट्रोफिल मोठ्या संख्येने जमतात, पण किण्व नष्ट करू शकत नाहीत. दाह मात्र वाढवतात. याहून गंभीर उदाहरण २०१४ मध्ये पुढे आले. युगांडा व दक्षिण आफ्रिका येथे क्रिप्टोकॉकसजन्य मस्तिष्कावरणशोथ झालेल्या १७७ एचआयव्हीबाधितांवर एक चाचणी करण्यात आली. निदानानंतर एक-दोन आठवड्यांतच एचआयव्हीविरोधी औषधे सुरू केलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्ण २६ आठवड्यांत दगावले. सुमारे पाच आठवडे थांबून ती सुरू केलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होते. म्हणून या रुग्णांत आधी किण्वाचा भार उतरवून मगच प्रतिकारशक्ती सावरणे हितावह मानले जाते.

हा भार उतरवणे सोपे नाही. किण्वाची कोशिका जीवाणूपेक्षा मानवी कोशिकेच्या अधिक जवळची असल्याने एकीस मारणारे औषध दुसरीसही बाधते. पॉलीन वर्गातील औषधे किण्वाच्या पटलातील एर्गोस्टेरॉलला चिकटतात. मानवी पटलात त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असते, एवढ्याच फरकावर त्यांची उपयुक्तता अवलंबून आहे. याच वर्गातील हमायसिन पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्ये एम. जे. थिरुमलाचार व सहकाऱ्यांनी शोधले. १९६१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. ज्या मृत्तिकाजीवापासून ते मिळाले, त्याच्या स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना या नावात पिंपरीचे नाव आहे. मस्तिष्कावरणशोथावर मुख्यतः याच वर्गातील अँफोटेरिसिन बी इतर औषधांच्या जोडीने दिले जाते. परंतु कोणतेही औषध किण्वाची संख्याच घटवू शकते. उरलेले किण्व आवरून धरण्याचे काम शेवटी रुग्णाच्या स्वतःच्या कोशिकांनाच करावे लागते. म्हणून उपचार ठरवताना किण्वाइतकेच त्या कोशिकांच्या स्थितीकडेही लक्ष द्यावे लागते.