समुद्रकाठची ग्रामसभा

कोल्हापूरला समुद्र नाही. पण गगनबावड्याहून करूळचा घाट उतरला की कोकण लागतं, आणि चार दिवस सुटी मिळाली की आपली पावलं मालवण, देवगड, गणपतीपुळ्याकडं वळतात. तिथं आपण वाळू बघतो, मासळीचं ताट बघतो, सूर्यास्त बघतो. त्या गावची माणसं एकत्र बसली की काय बोलतात, ते मात्र आपल्या कानावर येत नाही. आज त्या बोलण्याविषयी थोडं सांगायचं आहे.

विषय रोजचेच असतात. लाटांनी किनारा खाल्ला, आता धूपप्रतिबंधक बंधारा कुठून कुठवर घालायचा? खारबंधारा फुटला आणि भातखाचरात खारं पाणी शिरलं, त्याची दुरुस्ती कधी? उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं, मग नळयोजना कुठून आणायची? जेटी हवी, पण ती कुठं बांधली म्हणजे रापण ओढायची जागा जाणार नाही? पाहुण्यांनी टाकलेल्या बाटल्या कुणी उचलायच्या?

यात कायदाही येतो. केंद्र सरकारनं १९९१ साली किनारा नियमनाची अधिसूचना काढली. भरतीची कमाल रेषा धरून आत ५०० मीटरपर्यंत काय बांधायचं, काय नाही, याचे नियम आले. २०११ आणि २०१९ मध्ये ते बदलले. ग्रामीण भागात २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई होती. २०१९ च्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या गावांसाठी ती ५० मीटरवर आणायची वाट मोकळी केली. म्हणजे पडवी वाढवायची म्हटली, तरी नकाशावर भरतीची रेषा कुठं ओढली आहे, हे आधी बघावं लागतं. म्हणून आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी खुला होतो, तेव्हा तो वाचणारं कुणीतरी गावात असलं पाहिजे.

कोकणात गावकी आहे, मुसलमान मोहल्ल्यात जमात आहे. दोन्हींना मान आहे, पण तिथं सगळ्यांनाच बोलायला मिळतं असं नाही. ग्रामसभेचं तसं नाही. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येकजण तिचा सभासद, मग तो खोत असो, खलाशी असो की मासळी विकणारी बाई. बायकांची वेगळी सभा आधी घ्यायची, अशीही तरतूद आहे.

आता दोन उदाहरणं. मालवणचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, हेतू चांगला. पण ज्यांची चूल त्या पाण्यावर पेटते त्यांना वाटलं, उद्या आपली मासेमारीच बंद होईल. विरोध सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षं टिकला. कागदावर अभयारण्य झालं, पण गावाला ते आपलं वाटलं नाही.

दुसरं वेळास. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं गाव. थंडीच्या दिवसांत तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासविणी येऊन अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास. पूर्वी ती माणसं पळवत, उरलेली कुत्री-कोल्ही खात. १९७२ च्या कायद्यानं या कासवाला संरक्षण दिलं होतं, पण रात्री वाळूवर पहारा द्यायला कायदा थोडाच येतो? चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम सुरू केलं. अंडी उचलून किनाऱ्यावरच कुंपणाच्या आत पुन्हा पुरायची, साधारण ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. राखणीला गावातलीच माणसं. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे येतात, गावकऱ्यांच्या घरात उतरतात, त्यांच्याच स्वयंपाकघरातलं जेवतात. पैसा गावात राहतो, म्हणून कासवंही राहतात.

दोन्हीकडं हेतू समुद्रातला जीव वाचवण्याचाच होता. मालवणात निर्णय वरून आला, वेळासला काम गावाच्या हातून उभं राहिलं. माझ्या मते सगळा फरक इथं आहे.

हे आपल्यालाही लागू आहे. प्रयाग चिखलीला नद्यांचा संगम होऊन पंचगंगा वाहू लागते. १९८९ च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा देण्यात आली. तरी २०१९ आणि २०२१ च्या पुरात या गावांना पुन्हा घरं सोडावी लागली. जागा देऊन पुनर्वसन पुरं होत नाही. शेत, गोठा, दूध, शाळा यांचं काय, याची उत्तरं गावाबरोबर बसूनच मिळतात.

अडचण एवढीच की आपण बसत नाही. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग दहाजण बसून ठरवतात आणि ते सगळ्या गावाचं म्हणून लिहिलं जातं. पुढं जेटी चुकीच्या जागी उभी राहिली, की आपण चावडीवर बसून सरकारला शिव्या देतो.

बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा असते. झेंडावंदन झालं की जिलेबीचा पुडा घेऊन घर गाठायची आपली पद्धत. या खेपेला जिलेबी तासभर उशिरा खा. सभेत बसा, मागचं इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा, आणि मनात असेल ते उभं राहून बोला.