रेषेखालचा श्वास

व्हेंटिलेटरचा पडदा वाचायला शिकवताना मी निवासी डॉक्टरांना प्रवाहाच्या आलेखात आधी रेषेखाली बघायला सांगते. वरचा उंचवटा म्हणजे आत ढकललेली हवा. ती किती आणि किती वेगाने, हे आपणच ठरवलेलं असतं. खालचा भाग रुग्णाचा. तिथे यंत्र फक्त झडप उघडतं. हवा बाहेर पडते ती ताणलेलं फुफ्फुस आकसल्यामुळे.

चुलीच्या धुराने श्वासनळ्या अरुंद झालेल्या एका आजींची ही खालची रेष शून्याला टेकायच्या आतच पुढचा श्वास सुरू होत होता. मिनिटाला २० श्वास, म्हणजे एकाला ३ सेकंद. एक आत घ्यायला, उरले दोन. तेवढ्यात हवा निघेना, साठत गेली. छाती फुगलेली आणि रक्तदाब उतरणीला. उच्छ्वासाच्या शेवटी झडप रोखून धरली की अडकलेला दाब कळतो. आम्ही पीप, म्हणजे उच्छ्वासाच्या शेवटी फुफ्फुसात राखायचा दाब, ५ वर लावली होती, पडदा दाखवत होता १४. श्वासांचा वेग १२ वर आणला. बाहेर पडायला आता ४ सेकंद मिळाले. कार्बन डायऑक्साइड थोडा वाढेल, वाढू दे. "सिस्टर, फिल्टर बदलून घ्या." ओला फिल्टरही उच्छ्वास अडवतो, आणि नेमकं तेच बघायचं राहून जातं. हळूहळू रक्तदाब सावरला.

एआरडीएस, म्हणजे फुफ्फुसांना तीव्र सूज येण्याच्या आजारातल्या ताठ फुफ्फुसाचं दुखणं उलटं. झडप उघडताच पहिल्याच फटक्यात बहुतेक हवा निघून जाते आणि वायुकोश मिटू लागतात. पीप शेवटचा दाब राखते, या फटक्याला आवरत नाही. एरवी शरीर स्वतःच ब्रेक लावतं: डायाफ्राम एकदम सैल न पडता हळूहळू सोडतो, अपुऱ्या दिवसांचं बाळ स्वरयंत्र आवळून कण्हतं. आपण घशात नळी घालतो, वर स्नायू शिथिल करायचं औषध देतो. दोन्ही ब्रेक गेले.

ते परत देण्याचा प्रयत्न जर्मनीत फ्रायबुर्गला झाला. संशोधकांनी उच्छ्वासाच्या वाटेवर कमीजास्त करता येणारा अडथळा बसवला, सुरुवातीचा फटका छाटला आणि हवा मिळालेल्या वेळात एकसारखी सोडली. इजा केलेल्या फुफ्फुसांच्या डुकरांवर नेहमीच्या पद्धतीपेक्षा नुकसान कमी झाल्याचं त्यांनी २०१४ मध्ये मांडलं. पुढे आलेलं एव्होन हे यंत्र तर हवा एका लयीत बाहेर ओढूनच घेतं, त्यामुळे जेमतेम ४.४ मिलिमीटर जाडीच्या नळीतूनही काम भागतं. कल्पना मला पटते, पण डुकरांवरून थेट माणसांवर उडी मारायची माझी तयारी नाही.