बेपत्ता माणूस आणि साक्षीदार जनावर : गूढकथेचे दोन संकेत व पांढरकवड्याची वाघीण

मराठी गूढकथेत दोन घटना पुष्कळदा जोडीने येतात. एखादे माणूस मागमूस न ठेवता नाहीसे होते, आणि त्याच सुमारास जनावरे विपरीत वागू लागतात. कुत्रे उंबऱ्याशी थबकते, गोठ्यातील गाय दावे तोडते. या दोन संकेतांचे कार्य मात्र भिन्न आहे. नाहीसे होण्यामुळे कथानकाला गती मिळते. जनावराच्या वर्तनामुळे वाचकाला साक्ष मिळते. माणसाच्या साक्षीत भ्रम, स्वार्थ वा आजार यांची शंका घेता येते. जनावर खोटे बोलत नाही, असा लेखक व वाचक यांच्यातील अलिखित करार असतो.

नारायण धारप (१९२५–२००८) यांची ‘लुचाई’ ज्या कादंबरीवर बेतलेली आहे, त्या स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’मध्ये (१९७५) हाच क्रम आढळतो. आधी दफनभूमीच्या फाटकावर मारून टांगलेला कुत्रा दिसतो; मग एक लहान मुलगा बेपत्ता होतो. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० साली अद्भुताची मीमांसा करताना वाचकाच्या दोलायमानतेला मध्यवर्ती स्थान दिले. घटना नैसर्गिक की अतिनैसर्गिक, हा निर्णय लांबत राहतो तोवरच अद्भुत टिकते. जनावराची साक्ष ही दोलायमानता अतिनैसर्गिकाच्या बाजूला झुकवते.

हे दोन्ही संकेत प्रत्यक्षात उतरले तर त्यांचे काय होते, हे यवतमाळ जिल्ह्यातील एका प्रकरणावरून तपासता येते. पांढरकवडा–राळेगाव परिसरात २०१६ ते ऑगस्ट २०१८ या काळात १३ माणसांचे मृत्यू वाघाच्या हल्ल्यात झाल्याचे नोंदले गेले व त्यांचा संबंध एका वाघिणीशी जोडण्यात आला. वनखात्याच्या दप्तरी ती ‘टी-१’ होती; वृत्तपत्रांनी व प्राणिप्रेमींनी तिला ‘अवनी’ म्हटले. हे मृत्यू घनदाट अरण्यात झाले, असा समज असल्यास तो सोडावा लागतो. झुडपी जंगल, नाले आणि पऱ्हाटीची शेते एकमेकांत मिसळलेला हा मुलूख आहे. मृतांमध्ये शेतकरी होते, गुराखी होते. माणूस रानात जातो ते कुतूहलाने नव्हे, कामासाठी जातो. निषिद्ध जागी पाऊल टाकल्याची शिक्षा हा गूढकथेचा लाडका कार्यकारणभाव इथे लागूच पडत नाही.

दोलायमानताही इथे आहे, पण तिची जात निराळी आहे. प्रश्न वाघ की भूत असा नव्हता. सर्व मृत्यू याच वाघिणीमुळे झाले काय, असा होता. त्या परिसरात नर वाघही वावरत होता. नैसर्गिक स्पष्टीकरणे दोन होती आणि निवड न्यायालयाच्या दारापर्यंत गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. पुढील शोधमोहिमेचा तपशील कोणा कादंबरीकाराने लिहिला असता तर अतिरंजित वाटला असता. स्वयंचलित कॅमेरे, ड्रोन, शिकारी कुत्री, हत्ती, इतकेच काय, वाघिणीला आकर्षित करण्यासाठी ‘ऑब्सेशन’ हे परदेशी अत्तरही वापरले गेले. आणलेल्या हत्तींपैकी एक साखळी तोडून निसटला व त्याने एका स्त्रीचा बळी घेतला. जनावराचे हे विपरीत वर्तन कशाचीही पूर्वसूचना नव्हते. माणसाने केलेल्या योजनेचेच ते फलित होते. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ वाघीण गोळीने मारली गेली. बेशुद्ध करण्याचा पुरेसा प्रयत्न झाला होता काय, यावरील वाद नंतर बराच काळ चालला.

मध्य भारतातील जुन्या लोकसमजुतीनुसार, नरभक्षक वाघाने मारलेल्या माणसाचा आत्मा त्याच वाघाच्या डोक्यावर बसतो व त्याला वाट दाखवतो. ही समजूत केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे अभ्यासकाला परवडणारे नाही. वाघ इतका चतुर कसा, याचे उत्तर ती देते. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे मेलेला माणूस तिच्यात कथेबाहेर जात नाही. आधुनिक गूढकथेत मात्र पहिल्या प्रकरणातील बेपत्ता माणूस बहुधा भांडवलासारखा खर्च होतो. दुसऱ्या प्रकरणापासून शोध घेणारा नायक कथा ताब्यात घेतो. पांढरकवड्याच्या प्रकरणाची कथने याच वळणाने गेली. वाघिणीला नाव मिळाले, शिकाऱ्याला नाव मिळाले, मृतांना संख्या मिळाली. अमित मसुरकर यांच्या ‘शेरनी’ (२०२१) या हिंदी चित्रपटाचा या प्रकरणाशी असलेला संबंध उघड आहे. त्याने दृष्टिकोन एका स्त्री वनाधिकाऱ्याकडे सोपवला. निवड प्रामाणिक आहे, तरी ती शोध घेणाऱ्याचीच बाजू आहे.

मराठीत याहून वेगळी वाट उपलब्ध आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये (साहित्य अकादमी पुरस्कार १९८३) वानरांच्या टोळीतील क्रूर, वरवर अनाकलनीय वर्तनामागे टोळीचा स्वतःचा कायदा दिसतो. स्पष्टीकरण मिळूनही वाचकाचे भय ओसरत नाही. उलट ते अधिक खोल जाते. विदर्भातील अरण्यांत वनाधिकारी म्हणून वावरलेल्या मारुती चितमपल्लींच्या लेखनातही जनावराचे वागणे शकुन म्हणून येत नाही. निरीक्षणाचा विषय म्हणून येते. वानराचा वा चितळाचा इशारा ज्याला वाचता येतो, त्याला भय अधिक लवकर कळते, हे गूढकथाकाराने ध्यानात घेण्याजोगे आहे.

यवतमाळच्या मातीतील गूढकथेची कल्पना केली तर तिचा निवेदक बंदुकीमागे उभा नसेल. संध्याकाळी गुरे वाटेने आपापल्या गोठ्यांत परतली आहेत, त्यांच्यामागे गुराखी नाही, आणि दारात उभे राहून ती गुरे मोजणारे कोणीतरी वऱ्हाडीत बोलत आहे. जनावराची साक्ष इथेही आहे. मात्र ती कोणत्याही भुताकडे बोट दाखवत नाही.