अंधार राखणारी गावं

रोहिणी नक्षत्र लागलं, वळवाचे दोन-चार पाऊस पडून गेले, की अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर ही झाडं रात्री उजळू लागतात. भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत अशी गावं आहेत. मेअखेरपासून मृगाचा पाऊस जोर धरेपर्यंत हा सगळा पट्टा काजव्यांचा असतो. एका झाडावरचे असंख्य काजवे एका लयीत चमकतात, एकदम विझतात, आणि तेवढ्यात शेजारचं झाड तीच लय उचलतं. अहिल्यानगर म्हटलं की दुष्काळ आणि साखर कारखाने डोळ्यांपुढे येतात. त्याच जिल्ह्याच्या सह्याद्रीतल्या कोपऱ्यात हे घडतं, म्हणून ते अधिकच जपावंसं वाटतं.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या गणातला कीटक. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफरेज हे विकर, प्राणवायू आणि पेशीतली ऊर्जा यांच्या साहाय्यानं त्यातून प्रकाश निघतो, आणि त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. हा प्रकाश म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. नर चमकतो, मादी बहुधा खाली गवतात किंवा झुडपावर बसून त्याला मंद उत्तर देते. अनेक जातींचे प्रौढ काजवे फारसं काही खातही नाहीत. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी अळीच्या रूपात ओल्या मातीत, पालापाचोळ्याखाली, गोगलगायी आणि गांडुळं खाऊन काढलेला असतो. पंख फुटल्यावर हाती थोड्याच रात्री उरतात आणि तेवढ्यात पुढची पिढी मातीत ठेवायची असते.

नेमक्या याच दिवसांत मुंबई, पुणे, नाशिकहून गाड्या येतात. शनिवारी रात्री जलाशयाभोवतीच्या अरुंद रस्त्यावर त्यांची रांग लागते. हेडलाइटच्या झोतात नराची साद हरवते आणि मादीचं उत्तर त्याला दिसत नाही. फोटोसाठी झाडाच्या बुंध्यापर्यंत जाणारी पावलं पाचोळ्यातली अंडी तुडवतात. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. १९८६ साली घोषित झालेलं हे अभयारण्य सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं आहे. वन्यजीव विभाग हंगामात नाक्यावर शुल्क घेतो, गोंगाटाला आणि प्रखर दिव्यांना मनाई करतो, स्थानिक तरुणांना वाटाडे म्हणून नेमतो. हे सगळं योग्यच आहे. पण मला वाटतं, एका रात्री किती गाड्या आत सोडायच्या हा आकडा पक्का ठरवून तो कसोशीनं पाळल्याशिवाय बाकीचे नियम लंगडेच राहतील.

गर्दीचा हा जाच फक्त काजव्यांनाच होतो असं नाही. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर मिरिस्सा इथे निळे देवमासे पाहायला बोटी सुटतात. श्वास घ्यायला वर आलेल्या एकाच देवमाशामागे अनेक बोटी धावतात, आणि तिथली मोठी चिंता तीच आहे. आपल्याकडे तारकर्लीला, हर्णैला डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांनाही अंतर राखण्याचं हेच पथ्य लागू पडतं. जगातला सर्वांत मोठा प्राणी असो की नखाएवढा काजवा, जवळ जाण्याची घाई दोघांनाही सारखीच जाचते. मलेशियात क्वाला सेलांगोरजवळ कांपुंग क्वांतान गावी नदीकाठच्या झाडांवरचे काजवे वल्हवत्या होडीतून दाखवतात. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानात एकसाथ चमकणारे काजवे पाहण्यासाठी गाड्यांचे परवाने सोडतीनं दिले जातात, आणि बॅटरीवर लाल किंवा निळा पारदर्शक कागद लावायला सांगतात.

इतकं लांब जायचीही गरज नाही. अकोले तालुक्यातच पुरुषवाडी आहे. तिथे ग्रासरूट्स संस्थेच्या मदतीनं गावानं पर्यटन उभं केलं. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, तिथेच जेवतात, गावच्याच माणसाबरोबर पायी काजवे पाहायला जातात. मला हीच वाट खरी वाटते, आणि त्यामागे एक जुनं देणं आहे. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ साली पुरं झालं. त्याच्या पाण्यावर खाली संगमनेर, श्रीरामपूरकडे ऊस पिकला. वरच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांच्या वाट्याला पावसाच्या भरवशाची भात, नागली, वरईची शेती राहिली; हंगाम सरला की अनेकांना मजुरीसाठी नारायणगावकडे, नाशिककडे उतरावं लागतं. पेरणीच्या तोंडावर घरात रोख पैसा अगदी कमी असतो आणि काजवे नेमके तेव्हाच येतात. त्या आठवड्यांची कमाई बियाण्याला आणि खताला लागते. ती या घरांतच पोचायला हवी. ज्याला अंधारातून मिळकत होते, तो माणूस दारात हॅलोजन लावणार नाही आणि जुना हिरडा तोडूही देणार नाही. बाहेरून आलेल्या तंबूवाल्याला मात्र पुढच्या वर्षी दुसरी जागा मिळतेच.

जायचंच असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी जावं, गावातल्या घरी मुक्काम करावा आणि गाडी तिथेच ठेवून वाटाड्याबरोबर चालत निघावं. मोबाइलचा पडदाही बंद असू द्यावा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका उजेडानं ती वाया जातात. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री टाळाव्यात, कारण चांदण्यात हा प्रकाश फिका पडतो.